यादीत नंबर कितवा?

कळंबोलीहून तळोज्याकडे निघाले की वाटेत नावडे फाटा लागतो. एका अंगाला तळोजा एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला जुने गाव आणि सिडकोच्या वसाहती, जवळूनच दिवा-पनवेल रेल्वे आणि तिचे नावडे रोड स्टेशन. २०१६ साली पनवेल महापालिका झाली आणि नावडे शहरात मोजले जाऊ लागले. आता २५ डिसेंबर २०२५ पासून इथून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर प्रवासी विमाने चढू-उतरू लागली आहेत. नवी मुंबई विमानतळाचा पहिला टप्पा वर्षाला दोन कोटी प्रवाशांच्या हिशेबाने बांधलेला आहे. एवढी माणसे हलवायची तर शेकडो वैमानिक लागणार, आणि त्यांना कुठेतरी बिऱ्हाड करावे लागणार.

एखाद्या तरुण को-पायलटला नावड्यात घर परवडेलही. पण ते घ्यावे की नाही, हे पगाराच्या आकड्यावरून ठरत नाही. ते ठरते त्याच्या ‘बेस’वरून. ज्या ठिकाणाहून वैमानिकाची ड्युटी सुरू होते आणि जिथे ती संपते, असे कंपनीने नेमून दिलेले ठिकाण म्हणजे त्याचा होम बेस. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ड्युटी-तासांच्या नियमांत त्याची रीतसर व्याख्या आहे. घरापासून बेसपर्यंतच्या प्रवासाचा वेळ त्याच नियमांत ड्युटीबाहेर ठेवलेला आहे. बेस दिल्लीचा मिळाला तर नावड्यातले घर सुट्टीपुरते उरते. बेस बदलला की मुलांची शाळा, बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी, म्हाताऱ्या आईवडिलांचा दवाखाना, सगळेच हलते.

मग कोणाला कोणता बेस, कोणते विमान, कोणती खुर्ची, हे ठरवायचे कोणी? अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी या प्रश्नाचे उत्तर एका यादीवर सोपवले आहे. ती सेवाज्येष्ठतेची यादी असते. नोकरीत लागल्या दिवशी वैमानिकाला त्या यादीत सर्वांत खालचा नंबर मिळतो. वरचे निवृत्त होतात, नोकरी सोडतात, वैद्यकीय तपासणीत बाद होतात, तसतसा तो वर सरकतो. कंपनी अधूनमधून जाहीर करते, की अमुक बेसवर, अमुक विमानावर, कॅप्टनच्या इतक्या आणि को-पायलटच्या इतक्या जागा भरायच्या आहेत. प्रत्येक वैमानिक आपला पसंतीक्रम भरतो. पहिला नंबर ज्याचा, त्याची पहिली पसंती आधी पाहिली जाते, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. मुलाखत नाही, शिफारस नाही, चीफ पायलटच्या मर्जीचा संबंध नाही. नव्या विमानाचे प्रशिक्षण घेऊन परीक्षेत उतरणे मात्र प्रत्येकाला बंधनकारक असते, आणि एकदा जागा घेतली की काही काळ तिथून हलता येत नाही.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शिक्षकांना ही पद्धत फारशी समजावून सांगावी लागणार नाही. ग्रामविकास विभागाच्या २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानंतर त्यांच्या जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या. त्या निर्णयानुसार शिक्षकाने वीस शाळांचा पसंतीक्रम भरायचा, संवर्ग आणि सेवाज्येष्ठता पाहून संगणकाने शाळा द्यायची. वरच्याने एखादी शाळा मागितली आणि तिथला शिक्षक उठला, की शिक्षक म्हणतात, ‘खो बसला’. वैमानिकांतही खो बसतो. एखादा बेस कंपनीने आकसता घेतला किंवा बंद केला, की तिथला ज्येष्ठ कॅप्टन दुसऱ्या बेसवर जाऊन कनिष्ठाची जागा घेतो, तो कनिष्ठ त्याच्याहून कनिष्ठाला उठवतो, आणि शेवटचा खो बसतो तो यादीच्या तळाला असलेल्या माणसाला. त्याच्या हाती बिनपगारी सक्तीची रजा येते.

एका निवृत्तीने किती हालचाल होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा बोईंग ७७७ चा कॅप्टन निवृत्त झाला. त्याच्या जागी ७८७ चा कॅप्टन गेला. त्या जागेवर लहान जेट विमानाचा कॅप्टन चढला. त्याची रिकामी खुर्ची मोठ्या विमानावरच्या को-पायलटने घेतली, कारण तिथे त्याला कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळते. त्याच्या जागी लहान विमानावरचा को-पायलट आला आणि तळाशी एक नवा उमेदवार भरावा लागला. माणूस एक गेला, पण प्रशिक्षणाच्या वर्गात पाच जण बसले. प्रत्येकाचे सिम्युलेटरचे तास, नंतर प्रशिक्षकाबरोबरची उड्डाणे, यात महिने जातात आणि त्या काळात कंपनीला त्यांचे नेहमीचे काम मिळत नाही. म्हणून कंपन्यांना ही पद्धत महाग वाटते, आणि ती खरोखरच महाग आहे.

बेस मिळाला की संपले असेही नाही. दर महिन्याच्या रोस्टरसाठी पुन्हा पसंती भरायची असते. ज्येष्ठांना दिवसाची उड्डाणे आणि सणाच्या सुट्ट्या मिळतात. तळाचे वैमानिक ‘रिझर्व्ह’वर, म्हणजे फोन वाजला की निघायच्या तयारीत बसतात. त्यामुळे अनुभवी लोक आपसांत एक हिशेब नेहमी करतात: मोठ्या विमानाच्या यादीत तळाला जायचे, की लहान विमानाच्या यादीत वर राहायचे? कमांडची संधी समोर असूनही मुले लहान आहेत म्हणून कित्येक को-पायलट वर्षानुवर्षे उजव्या खुर्चीत राहतात. कॅप्टनच्या चार पट्ट्या खांद्यावर येतात, पण दिवाळी घरी होत नाही, हा सौदा प्रत्येकाला मान्य होत नाही.

एवढ्या कोरड्या नियमाला वैमानिक जिवापाड का जपतात, याचे कारण जुने आहे. जुलै १९१९ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने दाट धुक्यात उडायला नकार देणाऱ्या दोन वैमानिकांना काढून टाकले, तेव्हा बाकीच्यांनी संप केला. त्या काळी उडावे की नाही हा निर्णय हवामान पाहून घेणारा माणूस आणि त्याची रोजीरोटी हातात असणारा अधिकारी यांच्यात कसलाही आडोसा नव्हता. १९३१ साली अमेरिकी वैमानिकांची संघटना उभी राहिली आणि पुढच्या काळात ज्येष्ठतेची यादी तिच्या करारांचा कणा झाली. यादीमुळे एक गोष्ट साधली. विमानात दोष आहे म्हणून किंवा आपण थकलो आहोत म्हणून उड्डाण नाकारणाऱ्या कॅप्टनला त्याची शिक्षा म्हणून वाईट बेस देता येत नाही, त्याची कमांड लांबवता येत नाही. प्रवाशाला ही यादी कधी दिसत नाही, पण तिचा लाभ त्यालाही होतो.

तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नंबर कंपनीच्या दारातच सोडावा लागतो. ४ डिसेंबर १९९१ रोजी पॅन ॲम बंद पडली तेव्हा जगभर जंबो उडवलेल्या माणसांना दुसऱ्या कंपनीत पहिल्या दिवशीच्या पगारावर, तळाच्या नंबरावर उभे राहावे लागले. तळाच्या माणसाला बेस निवडता येत नाही, आणि याची किंमत कधी कधी फार मोठी असते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान पडले आणि ५० माणसे गेली. तपासात दिसले, की दोन्ही वैमानिकांचा बेस नेवार्क होता, पण को-पायलट देशाच्या दुसऱ्या टोकाला सिॲटलजवळ आईवडिलांकडे राहत होती आणि रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून ड्युटीवर आली होती. कॅप्टन फ्लोरिडात राहत होता आणि विमानतळावरच्या क्रू-रूममध्ये झोपला होता. अपघाताचे मुख्य कारण वैमानिकाने विमान हाताळताना केलेली चूक हेच ठरले. तरीही घर आणि बेस यांच्यातले अंतर त्या अहवालामुळे पहिल्यांदा साऱ्या देशासमोर आले.

भारतात ही गोष्ट मुंबईतच सुरू होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. १९५३ साली हवाई कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि दोन महामंडळे झाली: परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया, देशातल्या मार्गांसाठी इंडियन एअरलाइन्स. दोन्हीकडे शिड्या निराळ्या होत्या. इंडियन एअरलाइन्समध्ये फोकर किंवा ॲव्ह्रोसारख्या पंख्याच्या विमानांपासून सुरुवात, मग बोईंग ७३७, मग एअरबस. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी नोव्हेंबर १९८५ मध्ये निवेदिता भसीन यांच्यासह कोलकाता-सिल्चर उड्डाण केले आणि केवळ महिलांच्या चमूने चालवलेले ते देशातले पहिले उड्डाण ठरले. ते विमान फोकर फ्रेंडशिपच होते. एअर इंडियात विमाने मोठी, संख्या थोडी, त्यामुळे कमांडसाठी रांग लांब. देशांतर्गत कंपनीत विमाने जास्त, बढती लवकर. दोन याद्यांचे माप वेगळे होते, आणि दोन्ही याद्या आपापल्या जागी सुखात होत्या.

२००७ साली सरकारने दोन्ही कंपन्या एकत्र केल्या. विमानांवरची रंगसंगती बदलली, कार्यालयांच्या पाट्या बदलल्या. वैमानिकांची यादी मात्र एक झाली नाही.

आता यात अडचण काय, ते नीट पाहायला हवे, कारण इथे कोणीही नुसता हटवादी नव्हता. एकाच वयाची दोन माणसे घ्या. एक एअर इंडियात को-पायलट म्हणून दहा वर्षे मोठ्या विमानात बसलेला, कंपनीने मागवलेल्या २७ बोईंग ७८७ विमानांकडे डोळे लावून बसलेला. कारण ती विमाने आली की त्याला कमांड मिळणार. दुसरा इंडियन एअरलाइन्समध्ये त्याच सुमारास लागलेला, पण एअरबस ३२० वर कॅप्टन झालेला. यादी रुजू होण्याच्या तारखेने लावली तर दोघे शेजारी येतात. कमांड मिळाल्याच्या तारखेने लावली तर दुसरा कितीतरी पुढे जातो. आणि विलीनीकरणापूर्वी कोणाच्या कंपनीने काय मागवले होते त्यावर लावली तर ७८७ पहिल्याचीच. तिन्ही मोजमापांत न्याय आहे आणि तिन्हींत कोणावर तरी अन्याय आहे.

हा पेच भारतापुरता नव्हता. त्याच वर्षी, मे २००७ मध्ये, अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांच्या याद्या जुळवताना लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी निवाडा दिला. त्यात सक्तीच्या रजेवर असलेले, सोळा-सतरा वर्षे नोकरी झालेले वैमानिक दुसऱ्या कंपनीतल्या अगदी नव्या उमेदवारांच्या खाली गेले. निकोलाऊंचा तर्क असा होता, की घरी बसलेल्या माणसाकडे विलीनीकरणाच्या दिवशी जागाच नव्हती, तर त्याला दुसऱ्याची जागा कशी द्यायची? चिडलेल्या वैमानिकांनी जुनी संघटना सोडून नवी काढली आणि तंटा पुढे कित्येक वर्षे कोर्टात चालला. पण २००७ च्याच अखेरीस अमेरिकेने कायदा केला, की विलीनीकरणात याद्या न्याय्य रीतीने जुळवायच्या आणि एकमत झाले नाही तर लवादाचा निर्णय बंधनकारक राहील. भारतात यासाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

त्याची किंमत एअर इंडियाने दोनदा मोजली. एप्रिल-मे २०११ मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. त्यानंतर न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिचा अहवाल आला. मे २०१२ मध्ये दुसरी बाजू उठली. ७८७ चे प्रशिक्षण दोन्हीकडच्या वैमानिकांना देण्याच्या निर्णयाविरुद्ध इंडियन पायलट्स गिल्ड या मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांच्या संघटनेचे सदस्य आजारपणाची रजा टाकून घरी बसले. व्यवस्थापनाने शंभराच्या आसपास वैमानिकांना बडतर्फ केले, संघटनेची मान्यता काढली, परदेशी उड्डाणे रद्द होत गेली. ५८ दिवसांनी, ३ जुलै रोजी, दिल्ली उच्च न्यायालयातल्या आश्वासनानंतर संप मिटला. तोवर नुकसान सहाशे कोटींच्या घरात गेल्याचे सांगितले जात होते. ज्या विमानासाठी हे सगळे झाले ते पहिले ७८७ सप्टेंबरात देशात आले.

वैमानिकांना तेव्हा लाडावलेले म्हणून बरेच बोलले गेले. उन्हाळी सुट्टीत अडकलेल्या प्रवाशांचा राग रास्तच होता. पण पाच वर्षे यादी अर्धवट ठेवणाऱ्यांना त्या मानाने फार कमी विचारले गेले. विलीनीकरणाचा पहिला कागद लिहितानाच हे कलम लिहायला हवे होते. ते न लिहिल्यामुळे नव्या विमानाची प्रत्येक ऑर्डर म्हणजे एका बाजूला बढती आणि दुसऱ्या बाजूला हिरावलेली बढती झाली.

खासगी कंपन्यांत चित्र निराळे आहे. इथे तयार कॅप्टन थेट कॅप्टन म्हणूनच घेतात, त्यामुळे नंबर सोडून जाण्याची भीती अमेरिकेइतकी नाही. लोक कंपन्या बदलतात म्हणूनच २०१७ साली महासंचालनालयाने राजीनाम्याची मुदत कमांडरसाठी एक वर्ष आणि को-पायलटसाठी सहा महिने केली. पण कंपनीच बुडाली तर? किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले. मुंबईतून जगभर जाणाऱ्या मोठ्या विमानांच्या वैमानिकांपुढे तेव्हा दोनच वाटा होत्या, लहान विमानावर यायचे किंवा आखाताकडे जायचे. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. टाटांकडे आल्यावर एअर इंडियात विस्तारा या कंपनीचे विलीनीकरण ठरले आणि जुनाच प्रश्न परत आला. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये विस्ताराची शेकडो उड्डाणे कोलमडली. नव्या करारातले हमीचे तास सत्तरवरून चाळीसवर आणल्याचा राग त्यामागे होताच, पण मोठ्या कंपनीच्या यादीत आपण कुठे बसणार ही धास्तीही होती. १२ नोव्हेंबर २०२४ ला विलीनीकरण पूर्ण झाले.

बेस वाटण्यात हयगय झाली तर काय होऊ शकते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण महाराष्ट्राच्या ओळखीचे आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान कोळिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवरून घसरून दरीत गेले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्यू पावले. कॅप्टन होते दीपक साठे, नागपूरच्या कुटुंबातले, हवाई दलातले माजी विंग कमांडर. अपघात तपास संस्थेच्या अहवालाने संभाव्य कारण स्पष्ट नोंदवले आहे: अस्थिर अवस्थेत उतरणे चालू ठेवले गेले, विमान धावपट्टीच्या निम्म्यापर्यंत गेल्यावर टेकले आणि सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ सांगूनही ते पुन्हा वर घेतले गेले नाही. पण अहवाल तिथे थांबत नाही. त्याच कॅप्टनला दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहून पुढचे उड्डाण न्यायचे होते. दुसरीकडे विमान वळवले असते तर ते उड्डाण अडचणीत आले असते. आणि कोळिकोड बेसवर तेव्हा २६ को-पायलटांमागे नेमणुकीवर कॅप्टन होता फक्त एक. कंपनीच्या मनुष्यबळ धोरणामुळे कॅप्टन कमी पडत होते, असे अहवाल म्हणतो.

पावसाळी रात्री उतरणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे कोणालाही सांगता येणार नाही. पण बेसवर चार कॅप्टन जास्त असते तर ‘उद्या सकाळी कोण?’ हा प्रश्न कोणाच्याही डोक्यावर लटकला नसता, इतके म्हणायला कसलाही तर्क ताणावा लागत नाही. बेस ही कर्मचाऱ्याला दिलेली सवलत आहे, असे मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने तो अहवाल वाचावा.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हाही मुळाशी हाच हिशेब होता. वैमानिकांची आठवड्याची सक्तीची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, आणि नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक रोस्टरवर नव्हते. नियम पुरेसा आधी जाहीर झाला होता. माणसे तेवढ्या वेळात तयार झाली नाहीत.

या सगळ्याचा नावड्याशी संबंध असा, की मुंबई महानगराला आता पहिल्यांदाच दोन मोठे विमानतळ आहेत. सांताक्रूझ-अंधेरीच्या अंगाला जुना, पनवेलच्या अंगाला नवा, आणि मध्ये मुंबईची वाहतूक. पिढ्यान्‌पिढ्या वैमानिकांनी घरे घेतली ती पवई, अंधेरी, कालिना, वांद्रे या भागांत, कारण बेस तिथे होता. आता एका रोस्टरमध्ये सोमवारी जुन्या विमानतळावर आणि बुधवारी नव्या विमानतळावर हजेरी लागली तर? पहाटेच्या उड्डाणासाठी अंधेरीहून पनवेलला यायचे म्हणजे मध्यरात्रीनंतर लवकरच उठायचे. नावड्याहून उलट दिशेला जाणाऱ्याचेही तेच. वाटेत गेलेला हा वेळ नियमाच्या लेखी ड्युटी नाही, पण तो झोपेतूनच वजा होतो.

न्यूयॉर्कमध्ये केनेडी, लाग्वार्डिया आणि नेवार्क असे तीन विमानतळ एकाच बेसखाली धरण्याची रीत अमेरिकी कंपन्यांत आहे. एका विमानतळावर ड्युटी सुरू झाली आणि दुसऱ्यावर संपली तर मधल्या प्रवासाचे काय, हे तिथल्या करारांत लिहिलेले असते. मुंबईतही हे कलम आता लिहून घ्यायची वेळ आहे, विमाने वाढण्यापूर्वी. दोन्ही विमानतळ एकच बेस धरायचे की वेगळे? वेगळे धरले तर नव्या बेसची पसंती कोणत्या क्रमाने मागवायची? जुन्याहून नव्याकडे आलेल्याला परत जाण्याचा हक्क किती वर्षांनी? एका विमानतळावरची ड्युटी संपल्यावर दुसऱ्यावरची सुरू होण्यापूर्वी विश्रांतीत किती तास जास्तीचे धरायचे? या चार ओळी कंपनीच्या नियमपुस्तकात आल्या, तर तळोजा रस्त्यावरच्या इमारतीत घराची चौकशी करणाऱ्या को-पायलटला बिल्डरला विचारायचे प्रश्न आणि कंपनीला विचारायचे प्रश्न वेगळे करता येतील. तोवर त्याने घर भाड्यानेच घेतलेले बरे.